चौसष्ट घरांची बेरीज: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्याकडे रविवारी सकाळी मुलं गणितासाठी जमतात. शाळा कुणाची हिंदी माध्यमाची, कुणाची इंग्रजी. घरी मात्र मराठी. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट एकदा निघाली की तिच्यातल्या वीस अंकी संख्येवर प्रश्न सुरू होतात, आणि मुलांना सोडायला आलेले आजोबा, मावश्याही त्यात भर घालतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. संख्या मोठी असली तरी जवळजवळ सगळी उत्तरं कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात, आणि ती तशीच तपासावीत असा माझा आग्रह आहे.

ही संख्या येते कुठून?

पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचं आणि सगळे दाणे मोजायचे. शेवटच्या घरात २ चा ६३वा घात इतके दाणे येतात. सगळ्या घरांची बेरीज होते २ चा ६४वा घात वजा १, म्हणजेच १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

ती वाचायची कशी?

आमच्याकडची मुलं हिंदीतून पटकन वाचतात. उजवीकडून आधी तीन आणि मग दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम द्या: १८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. म्हणजे १८४ शंख, ४६ पद्म, ७४ नील, ४० खरब, ७३ अरब, ७० करोड, ९५ लाख, ५१ हजार ६१५.

जुन्या पद्धतीने एकं, दहं, शतं करत गेलो तर भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली अठरा स्थानं परार्धाला संपतात. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्यं. आपली संख्या त्याच्याही पुढे जाते, म्हणून डावीकडचे तीन अंक एकत्र घेऊन ‘१८४ परार्ध’ म्हणायचं. पुढे मध्य ४, अंत्य ६, जलधी ७, शंकू ४, महापद्म ४, निखर्व ०, खर्व ७, अब्ज ३ असे उतरत यायचं. निखर्व आणि कोटी ही दोनच घरं रिकामी आहेत. हिंदीतला खरब आणि लीलावतीतलं खर्व यांत घोळ करू नका. खरब म्हणजे १ वर ११ शून्यं, खर्व म्हणजे १ वर १०.

चौसष्ट वेळा दुप्पट करून मग बेरीज करावी लागते का?

नाही. दोन्ही कामं टळतात.

आधी बेरीज. पटाबाहेर एक जास्तीचा दाणा हातात घ्या. पहिल्या घरातला एक आणि हा एक मिळून दोन झाले. दुसऱ्या घरात दोनच आहेत, ते मिळवले की चार. तिसऱ्या घरातले चार मिळवले की आठ. प्रत्येक घरापाशी हातातले दाणे आणि घरातले दाणे सारखेच भरतात, म्हणून दर वेळी दुप्पट होते. चौसष्टावं घर उचलल्यावर हातात बरोबर २ चा ६४वा घात इतके दाणे असतात. त्यातून तो उसना दाणा परत केला की बेरीज तयार. भूमिती श्रेढीचं सूत्र पाठ नसलं तरी हरकत नाही, सूत्र याच युक्तीतून येतं.

आता घात. वर्ग केला की घातांक दुप्पट होतो, आणि ६४ हा १ ची सहा वेळा दुप्पट करून मिळतो. १, २, ४, ८, १६, ३२, ६४: सहा पायऱ्या. म्हणून २ पासून सुरुवात करून फक्त सहा वेळा वर्ग करायचा: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि शेवटी १८४४६७४४०७३७०९५५१६१६. पाचवा वर्ग मुलं फळ्यावर असा करतात: ६५५३६ चे ६५००० आणि ५३६ असे दोन तुकडे. ६५००० चा वर्ग ४२२५००००००, दोघांच्या गुणाकाराची दुप्पट ६९६८००००, ५३६ चा वर्ग २८७२९६. बेरीज ४२९४९६७२९६. सहावा वर्ग लांब आहे, पण रीत तीच.

अर्ध करत खाली यायचं आणि वर्ग करत वर जायचं ही रीत पिंगलाच्या छंदःशास्त्रात आहे. अमुक इतक्या अक्षरांच्या ओळीत लघु-गुरूच्या किती रचना होतात हे काढण्यासाठी ती दिली आहे. चौसष्ट अक्षरांची ओळ घेतली तर उत्तर हेच, फक्त एकने जास्त.

मोबाइलवर आणि एक्सेलमध्ये वेगळाच आकडा का दिसतो?

एक्सेल पहिले पंधराच अंक खरे ठेवतं आणि पुढे शून्यं भरतं, म्हणून तिथे १८४४६७४४०७३७०९६००००० दिसतं. त्यातून १ वजा केला तरी आकडा हलत नाही. काही मोबाइल १.८४४६७४४ लिहून पुढे दहाचा १९वा घात दाखवतात. दोन्ही अंदाज आहेत. हाताने केलेला गुणाकार या बाबतीत जास्त भरवशाचा, आणि मुलांना हे प्रत्यक्ष दिसतं तेव्हा त्यांचा हिशेबावरचा विश्वास वाढतो असा माझा अनुभव आहे.

इतका गहू म्हणजे नेमका किती?

गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन जातीनुसार बदलतं. हिशेबासाठी ४० ग्रॅम धरू. एकविसाव्या घरात १०,४८,५७६ दाणे येतात, म्हणजे सुमारे ४२ किलो. पन्नास किलोच्या एका कट्ट्याहूनही (पोत्याहूनही) कमी. बत्तीस घरं, म्हणजे अर्धा पट भरला की एकूण ४२९४९६७२९५ दाणे, सुमारे १,७१८ क्विंटल. पन्नास किलोचे साधारण ३,४३६ कट्टे. ग्वाल्हेरच्या दाल बाजारातल्या मोठ्या आडत्याला हा माल जड नाही. राजा अर्ध्या पटापर्यंत निर्धास्त असतो तो यामुळेच.

पुढचा अर्धा पट मात्र पहिल्या अर्ध्याच्या ४२९४९६७२९६ पट आहे. पूर्ण पटावरचा गहू सुमारे ७३,८०० कोटी टन भरतो. भारतात अलीकडे वर्षाला ११ कोटी टनांच्या आसपास गहू होतो. त्या हिशेबाने सहा हजारांहून जास्त वर्षांचं पीक लागेल. साऱ्या जगाचं पीक धरलं, वर्षाला सुमारे ८० कोटी टन, तरी नऊशे वर्षांच्या आसपास.

ही गोष्ट खरी आहे का?

दंतकथा आहे. बुद्धिबळ शोधणाऱ्या सिस्साने हिंदुस्थानच्या राजाकडे हे बक्षीस मागितलं असं अरबी ग्रंथकार सांगतात. तेराव्या शतकात इब्न खल्लिकानने ती सविस्तर दिली आहे. संख्या मात्र त्याआधीपासून ठाऊक होती. अल्-बिरूनीने इ.स. १००० च्या सुमारास पटावरच्या दाण्यांची ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत अचूक काढली होती.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे, म्हणजे ५ ने भाग जातोच. पण तिचे अवयव कसे उलगडतात ते पाहण्यासारखं आहे, आणि या पानावरचा माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

शाळेतलं सूत्र आठवा: वर्गातून १ वजा केला की त्याचे दोन अवयव पडतात, एक त्या संख्येहून १ ने कमी आणि दुसरा १ ने जास्त. २ चा ६४वा घात हा ४२९४९६७२९६ चा वर्ग. म्हणून आपली संख्या = ४२९४९६७२९५ × ४२९४९६७२९७. त्यातला पहिला अवयव पुन्हा ‘वर्ग वजा १’ आहे: ६५५३५ × ६५५३७. ६५५३५ म्हणजे २५५ × २५७. २५५ म्हणजे १५ × १७. १५ म्हणजे ३ × ५. म्हणून

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७.

सहा वेळा वर्ग करत वर चढलो होतो, त्याच पायऱ्यांनी खाली आलो. ६४ च्या जागी दुसरा एखादा आकडा असता तर ही उतरंड इतकी सरळ लागली नसती.

हे सहा अवयव म्हणजेच पहिल्या सहा फर्मा संख्या. २ चा घात अधिक १ अशा या संख्या, घातांक १, २, ४, ८, १६, ३२. पिएर द फर्माने १६४० मध्ये असा अंदाज मांडला की या साऱ्या मूळ असाव्यात. पहिल्या पाच आहेत. सहावी नाही: लेओनार्ड ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७.

म्हणजे पटावरच्या बेरजेचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करता कसं पटवायचं?

दहावीच्या मुलांना मी हे सावकाश करायला सांगते. ६४१ दोन प्रकारे लिहा.

पहिला प्रकार: ६४१ = ६४० + १, आणि ६४० = ५ × १२८, म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात.

दुसरा प्रकार: ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात.

आता ६४१ ने भागल्यावर काय उरतं एवढंच बघायचं. ६४० ची बाकी ‘उणे १’ धरता येते. ६४० चा चौथा घात केला की बाकी १ येते. म्हणजे ‘५ चा चौथा घात गुणिले २ चा २८वा घात’ याची बाकी १. पण ५ चा चौथा घात म्हणजे ६२५, आणि त्याची बाकी ‘उणे १६’ धरता येते, म्हणजे उणे २ चा चौथा घात. तो त्या जागी घाला. उणे २ चा ३२वा घात, याची बाकी १. याचाच अर्थ २ च्या ३२व्या घातात १ मिळवला की ६४१ ने पूर्ण भाग जातो.

शंका असेल त्याने ६७००४१७ ला आधी ६०० ने आणि मग ४१ ने गुणावं: ४०२०२५०२०० आणि २७४७१७०९७. बेरीज ४२९४९६७२९७.

मग ६४१ शोधायचाच कसा, असा पुढचा प्रश्न येतो. ४२९४९६७२९७ ला भागणारी कुठलीही मूळ संख्या ६४ ने भागल्यावर १ उरणारी असावी लागते. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारालाच उत्तर हाती येतं. हजारो भागाकारांचं काम पाचावर आणणं, याला मी खरं गणित म्हणते.

एकूण किती संख्यांनी तिला भाग जातो?

१२८. सातही मूळ अवयव एकेकदाच येतात. भाजक बनवताना प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ चा ७वा घात. १ आणि ती संख्या स्वतः यांत धरलेली आहे.

७, ९, ११ ने?

तिन्हींनी नाही. अंकांची बेरीज ८७ आहे, म्हणून ३ ने भाग जातो, ९ ने नाही. ७ ने भागलं तर १ उरतो आणि ११ ने भागलं तर ४.

अर्ध्या पटाच्या बेरजेत विशेष काय?

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. हे पाचही फर्माचे मूळ अवयव आहेत. कार्ल फ्रीड्रिश गाऊसने १७९६ मध्ये दाखवलं की सतरा बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. पुढे वान्ट्झेलने १८३७ मध्ये दुसरी बाजू सिद्ध केली. विषम बाजूंचा सुसम बहुभुज असा काढायचा तर बाजूंची संख्या वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकारच असावी लागते. आज अशा पाचच मूळ संख्या माहीत आहेत. त्यांतून विषम बाजूंचे ३१ बहुभुज बनतात आणि त्यांतला सर्वांत मोठा बरोबर ४२९४९६७२९५ बाजूंचा. गव्हाचा अर्धा पट आणि कंपासपेटी एकाच संख्येपाशी येऊन मिळतात. हे पहिल्यांदा कळल्यावर कुणालाही थोडं थांबावंसं वाटतं, मुलांनाही वाटतं.

पट भरताना कुठे तरी बेरीज मूळ संख्या होते का?

नऊ वेळा: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ घरं भरल्यावर. या मर्सेन मूळ संख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्या. घरांची संख्या मूळ असावीच लागते, पण तेवढं पुरत नाही. ११ घरांची बेरीज २०४७, आणि ती २३ × ८९ आहे.

३१ घरांची बेरीज २१४७४८३६४७ मूळ आहे हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं. ६१ घरांची २३०५८४३००९२१३६९३९५१ मूळ असल्याचं रशियातले धर्मगुरू इव्हान पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये दाखवलं.

३१ घरांशी आपलं आणखी एक नातं आहे. ११५० च्या लीलावतीत एक उदाहरण आहे: पहिल्या दिवशी दोन कवड्या, मग रोज दुप्पट, तर महिन्याचं दान किती? उत्तर २१४७४८३६४६ कवड्या, म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. सुरुवात एकाऐवजी दोनने केल्यामुळे भास्कराचार्यांचं उत्तर ऑयलरच्या मूळ संख्येहून बरोबर १ ने कमी आहे. नाण्यांचं रूपांतर जरूर करून बघा: २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क.

ही वर्गसंख्या किंवा त्रिकोणी संख्या आहे का?

वर्ग नाही. तिच्यापुढची संख्या वर्ग आहे आणि दोन लागोपाठच्या संख्या (० आणि १ सोडून) वर्ग असू शकत नाहीत.

त्रिकोणीही नाही, पण याचं उत्तर सोपं नाही. १, ३, ६, १० अशी त्रिकोणी संख्या असेल तर तिच्या आठपटीत १ मिळवला की वर्ग येतो. आपल्या बाबतीत २ चा ६७वा घात वजा ७ हा वर्ग हवा. २ च्या कुठल्या घातातून ७ वजा केले की वर्ग मिळतो, हा प्रश्न श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये मांडला. घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ एवढेच चालतात, असं त्यांचं म्हणणं होतं. ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ मध्ये ते सिद्ध केलं. पटाच्या भाषेत सांगायचं तर १, २, ४ आणि १२ घरं भरल्यावरच बेरीज त्रिकोणी होते: १, ३, १५, ४०९५. शेवटची ९० × ९१ ÷ २. बाराव्या घरानंतर पट कितीही वाढवा, पुन्हा त्रिकोणी बेरीज येत नाही.

अंकांत काही गंमत?

वीस अंकांत चार वेळा ४ आहे. १, ५ आणि ७ तीन-तीनदा येतात. २ हा अंक एकदाही नाही. सगळी संख्या २ च्या दुपटीतून आलेली, आणि नेमका तोच गैरहजर. यामागे काही नियम नाही, पण मुलांना हे शोधून काढायला फार आवडतं.

काशीच्या मंदिरातल्या चौसष्ट चकत्यांची गोष्ट हीच का?

संख्या हीच. फ्रेंच गणिती एद्वार ल्युकासने १८८३ मध्ये ‘हनोईचा मनोरा’ हे कोडं काढलं आणि त्याला काशीच्या मंदिरातल्या सोन्याच्या ६४ चकत्यांची गोष्ट जोडली गेली. आपल्या पुराणांत ती नाही. खांब तीन, एका वेळी एकच चकती उचलायची आणि मोठी चकती लहानीवर ठेवायची नाही ही अट पाळून सगळ्या चकत्या एका खांबावरून दुसऱ्यावर हलवायला १८४४६७४४०७३७०९५५१६१५ चाली लागतात. सेकंदाला एक चाल केली तरी सुमारे ५८,४५० कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षांच्या आसपास, त्याच्या बेचाळीस पट.

कॉम्प्युटरवाले हा आकडा का ओळखतात?

फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत तो म्हणजे ओळीने चौसष्ट एकं. ६४ बिटांच्या जागेत (उणे संख्या न धरता) मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. तिच्यात १ मिळवला की हातचा एकेक घर ओलांडत डावीकडे निघून जातो आणि जागेत सगळी शून्यं उरतात, स्कूटरचं मीटर ९९९९९ वरून शून्यावर यावं तसं. वर सांगितलेला जास्तीचा दाणा आणि हा हातचा, एकच गोष्ट.

ग्वाल्हेरच्या शून्याचा या संख्येशी काय संबंध?

थेट संबंध नाही, पण प्रश्न चांगला आहे. किल्ल्याच्या चढावर कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बागेची आणि देवाला रोज द्यायच्या ५० हारांची नोंद आहे. २७० आणि ५० यांतलं शून्य आजच्यासारखंच लहान गोल आहे. आपल्या संख्येत निखर्व आणि कोटीच्या घरांत जी दोन शून्यं आहेत, ती लिहिली नाहीत तर वीस अंकांचे अठराच राहतील आणि १८४ परार्धाचे थेट १ परार्ध आणि काही होतील. शिलालेखातलं शून्य हेच काम करतं. मुलांना घेऊन गेलात तर ‘२७०’ त्यांनाच शोधू द्या.

चौसष्ट कला, चौसष्ट योगिनी यांच्याशी नातं?

मितावलीचं चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर इथून जवळच, म्हणून हे विचारलं जातं. गणिताच्या बाजूने एवढंच: ६४ ची अर्धी, तिची अर्धी असं थेट १ पर्यंत जाता येतं, आणि त्यामुळेच या बेरजेचे अवयव इतके नीट पडतात.

एक घर कमी किंवा जास्त असतं तर?

६३ घरांची बेरीज ९२२३३७२०३६८५४७७५८०७. तिचे अवयव ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७. इथे ७ दोनदा येतो. ६५ घरांची बेरीज ३६८९३४८८१४७४१९१०३२३१, आणि तिचे मूळ अवयव फक्त तीन: ३१, ८१९१ आणि १४५२९५१४३५५८१११. एकच घर वाढवलं आणि १२८ भाजकांचे आठ झाले. ३१ आणि ८१९१ का येतात हे मात्र मी सांगत नाही. ६५ म्हणजे ५ × १३, एवढं धरून सुरुवात करा.